गणंग

उतारवयात माणसाला कशाचे वेड लागेल, याचा काही नेम नाही. कोणी ज्योतिष शिकू लागतो, कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटत सुटतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त तलाठी बंद पडलेली घड्याळे गोळा करतात, आणि ती एकदा उघडली की पुन्हा कधीच चालू होत नाहीत, याचे त्यांना यत्किंचितही दुःख नाही. मला गेल्या दिवाळीपासून नाद लागला आहे तो मक्याच्या लाह्या पाकात घोळण्याचा. शहरात त्यांना कॅरॅमल पॉपकॉर्न म्हणतात आणि सिनेमाच्या मध्यंतरात त्यांच्या एका पुड्याला आमच्याकडच्या मजुराची अर्ध्या दिवसाची मजुरी मोजतात, असे ऐकतो. मी त्या घरी करतो; आणि तुम्ही हसाल, पण चुलीवर नव्हे, मायक्रोवेव्हमध्ये करतो.

मी राहतो ते मार्कंडा गाव गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात आहे. माझा जन्म झाला तेव्हा हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. एरवी दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा आमच्या गावापाशी वळते आणि उत्तरेकडे वाहते, म्हणून या जागेचे माहात्म्य मोठे. काठावर मार्कंडेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरच्या मूर्ती पाहून लोक त्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. बाकीचे वर्षभर मात्र गाव, नदी आणि देव तिघेही निवांत असतात. अशा ठिकाणी मायक्रोवेव्हचे काय काम, असे तुम्ही विचाराल, तर त्याचे उत्तर माझ्या मुलाला ठाऊक.

सौभाग्यवती गेल्यावर मी एकटाच राहू लागलो. नागपूरचा मुलगा एके दिवशी आपल्याकडचे जुने यंत्र मोटारीत घालून घेऊन आला. म्हणाला, "बाबा, निदान गरम तरी जेवत जा." तो गेल्यावर मी त्या यंत्रावर पंचांग ठेवले, चष्म्याचे घर ठेवले, औषधाच्या बाटल्या ठेवल्या. वर्षभर त्याचा याहून अधिक उपयोग मी केला नाही. वरण थंड खाण्याची लाज वाटत नाही. पण आयुष्यभर विज्ञान शिकवून ते यंत्र चालवता येत नाही, हे शेजाऱ्यांना कळण्याची वाटते!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा बारा वर्षांचा नातू आपल्या दोन मित्रांना घेऊन आला. मुलांनी देऊळ पाहिले, नदीत पाय बुडवले, वाळूत किल्ला केला आणि दिवेलागणीला घरी येऊन विचारले, "आता काय?" शहरातल्या मुलांच्या या 'आता काय'ला खेड्यातल्या आजोबाजवळ उत्तर नसते. इतक्यात नातवाचे लक्ष पंचांगाखालच्या यंत्राकडे गेले. "आबा, आपण कॅरॅमल पॉपकॉर्न करू या!"

मला हे काम अगदी सोपे वाटले. परसातल्या मक्याची कणसे आढ्याला टांगलेली होती. ती सोलून दाणे कागदी पिशवीत घातले, पिशवीचे तोंड दोनदा दुमडले आणि यंत्र तीन मिनिटांवर लावले. आतली काचेची तबकडी फिरू लागली. आम्ही चौघे नाके काचेला लावून बसलो. तीन मिनिटांनी धूर निघाला. पिशवीत चार-दोन दाणे तडकले होते; बाकीचे काळे ठिक्कर. एकही लाही नव्हती.

तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. लाही होणारा मका निराळ्या जातीचा असतो. त्याची साल कठीण आणि हवाबंद असते. दाण्याच्या पोटात शेकडा तेरा-चौदा भाग पाणी असते. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. उष्णता एकशेऐंशी अंशांच्या घरात गेली की आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट होतो, साल फाटते, आणि आतले मऊ झालेले पीठ फुलून बाहेर येते. दाणा फार वाळलेला असला तर वाफच होत नाही. सालीला चीर असली तर वाफ निसटून जाते. दोन्ही प्रकारांत दाणा तसाच राहतो. मराठीत अशा न फुटलेल्या दाण्याला गणंग म्हणतात. निरुद्योगी, कशालाही न लागणाऱ्या माणसालाही आपण गणंगच म्हणतो. हा शब्द ऐकून मुलांना फार आनंद झाला आणि त्यांनी तो एकमेकांना ताबडतोब लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी चामोर्शीच्या किराणा दुकानातून लाहीचा खरा मका मागवला. पाव वाटी दाणे पिशवीत घातले. मिनिटभर शांतता, मग एक 'टप्', मग दोन, मग वळवाची सर कौलांवर आदळावी तसा आवाज. दोन आवाजांमध्ये एक-दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की यंत्र बंद करायचे, नाहीतर फुटलेले करपतात. पिशवी उघडली, तो आत चमेलीच्या कळ्यांचा ढीग!

या यंत्राचे आणि लाहीचे नाते तर जन्मापासूनचे. अमेरिकेत रेथिऑन नावाच्या कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा मोठा कल्पक गृहस्थ रडारच्या नळ्यांवर काम करीत असे. 1945 च्या सुमारास तो एका चालू नळीजवळ उभा असताना त्याच्या खिशातली गोळी-वडी विरघळली. दुसरा कोणी असता तर धोब्यावर चिडला असता. याने मक्याचे दाणे मागवून नळीसमोर धरले आणि त्यांच्या लाह्या झाल्या, अशी हकीकत सांगतात. 1947 साली त्या कंपनीने पहिले यंत्र विकायला काढले, ते माणसाएवढे उंच आणि सुमारे 340 किलो वजनाचे होते. या यंत्रातल्या लहरी मुख्यतः अन्नातल्या पाण्याला तापवतात. म्हणजे ज्या दाण्याच्या पोटात पाणीच नाही, त्याचे हे यंत्रही फारसे काही करू शकत नाही.

आता राहिला पाक. नातवाने मोबाइलवर कृती वाचून दाखवली: साखर, लोणी, शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा. मी प्लॅस्टिकच्या वाडग्यात साखर-लोणी घालून यंत्रात ठेवले. पाण्याहून कितीतरी अधिक तापणाऱ्या साखरेपुढे प्लॅस्टिकचा काय निभाव लागणार! वाडग्याचे बूड खाली बसले आणि पाक तबकडीवर पसरला. तो खरवडायला अर्धा तास लागला.

तिसऱ्या खेपेला मी कृतीचे पुस्तकी प्रकरण बाजूला ठेवले. जाड काचेचे भांडे घेतले. साखरेऐवजी अर्धी वाटी चिरलेला गूळ आणि दोन चमचे लोणी घातले. अर्धा अर्धा मिनिट तापवून दर खेपेला ढवळत गेलो. पाक उकळू लागला, त्याचा रंग गडद झाला. आणि मग, मी काय करतो आहे हे मला कळण्यापूर्वीच, माझ्या हाताने वाटीत गार पाणी घेतले, चमच्याने पाकाचा एक थेंब त्यात सोडला, थेंब बोटांनी काढला आणि वाटीच्या काठावर आपटला. 'टण्' आवाज झाला. पाक झाला.

"आबा, हे तर मोबाइलमध्ये नाही," नातू म्हणाला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या मायने."

"तुमची माय काय करायची?"

आता खरे म्हणजे या प्रश्नात काहीच अवघड नव्हते. पण माझ्या मुलाने लहानपणी हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा मी "घरीच असायची" असे सांगितले होते. माझी पत्नी बेचाळीस वर्षे माझ्याबरोबर राहिली, तिलाही मी याहून अधिक कधी सांगितले नाही. मी नातवाला म्हटले, "थांब. पाक थांबत नसतो." पाकात सोडा घातला. सोडा पडताच पाक फसफसून दुप्पट होतो. त्यात वायूचे बारीक बुडबुडे अडकतात, म्हणून तो थंड झाल्यावर दगडासारखा न होता खुसखुशीत राहतो. तो लाह्यांवर ओतला, सगळे पुन्हा पिशवीत घालून अर्ध्या मिनिटाच्या दोन आंचा दिल्या, मध्ये पिशवी हलवली, आणि तूप लावलेल्या परातीत सारे पसरले. मुले परातीवर वाकली. मी खांबाला टेकून बसलो.

माझी माय यात्रेत लाह्या विकत असे.

वडील मी चार वर्षांचा असताना गेले. आमचा मुलूख धानाचा. माय लोकांच्या बांध्यांत रोवणीला जाई आणि पौष सरला की यात्रेच्या तयारीला लागे. वैनगंगेची वाळू ती चाळून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवी. चुलीवर लोखंडी कढईत ती वाळू तापली की ओलसर केलेले धान मूठमूठ टाकायचे. क्षणभरात कढई पांढरी होई. ती चाळणीवर ओतली की वाळू खाली जाई आणि लाह्या वर राहत. मग आम्ही मायलेक रात्री कंदिलाजवळ बसून त्यांतले तूस वेचत असू. गुळाचा पाक झाला की माय पाण्याचा हात लावून लाडू वळी. पाक इतका कढत असे की थंड होईपर्यंत थांबले तर लाडू वळत नाहीत, आणि न थांबले तर हात भाजतात. मायचे तळवे यात्रेनंतर महिनाभर लाल असत. त्याच पैशांवर मी मॅट्रिक झालो आणि चंद्रपूरला कॉलेजात गेलो.

1969 सालची महाशिवरात्र. मी अठरा वर्षांचा. वर्गातले तीन मित्र यात्रा पाहायला आले. त्यांतल्या एकाचे वडील वकील होते. माझे गाव मार्कंडा हे त्यांना ठाऊक होते, पण घरी शेती आहे असे मी मोघम सांगितले होते. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, पारणे झाल्यावर, आम्ही दुकानांतून हिंडत होतो. रेवड्या, फुटाणे, बांगड्या, भिंगरीवाले, पाळणे. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली माय टोपली घेऊन बसली होती. तिने मला लांबूनच पाहिले. तिचा चेहरा उजळला. आणि मग तिने माझा चेहरा पाहिला.

तिला काय दिसले, ते मी आज सांगू शकतो. तेव्हा सांगू शकलो नसतो. वकिलाचा मुलगा म्हणाला, "चला, लाडू घेऊ." तिघांनी लाडू घेतले. माय माझ्याकडे वळली आणि तिने दुसऱ्यांना देत होती तसाच एक लाडू माझ्यापुढे केला.

"घ्या जी," ती म्हणाली. "ताजेच आहेत."

माझ्या जन्मात माझ्या मायने मला 'जी' म्हटले, ते त्या एकाच वेळी. आणि मी काय केले? मी लाडू घेतला, खिशातून चार आणे काढले आणि तिच्या लाल तळव्यावर ठेवले.

रात्री मित्रांना धर्मशाळेत पोचवून मी घरी गेलो. तिने वाढले. भात, वरण, चिमूटभर मीठ. आणि ताटाच्या कडेला ते चार आणे. "तुझे आहेत, बाबू," ती म्हणाली. "माय का पोराले विकत असते?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही बोललो असतो. मी मान खाली घालून जेवलो. सकाळी उठून परीक्षेच्या अभ्यासाचे निमित्त करून चंद्रपूरला निघून गेलो. पुढे मला नोकरी लागली, मी तिला यात्रेत बसू दिले नाही, लुगडी घेतली, डोळ्यांचे ऑपरेशन केले, मुलगा म्हणून जे काही करायचे ते सारे केले. फक्त तेवढे एक वाक्य बोललो नाही. 1987 साली ती गेली.

"आबा," नातू म्हणाला, "गार झालंय. खाऊ का? आणि तुम्ही सांगणार होतात."

त्याचे दोन्ही मित्र तिथेच होते. त्यांतल्या एकाचे वडील नागपुरात मोठे डॉक्टर आहेत. काय योग असतो पाहा! पंचावन्न-छप्पन्न वर्षांनी मी पुन्हा त्याच मोहाच्या झाडाखाली उभा होतो. फक्त या वेळी टोपली समोर नव्हती, परात होती. मला एवढेच करायचे होते की, 'घरीच असायची' म्हणायचे आणि विषय बदलायचा. घसा मात्र खरोखरच कोरडा पडला.

"माझी माय यात्रेत लाह्या विकायची," मी म्हणालो. "देवळाच्या वाटेवर, जमिनीवर बसून. आणि एकदा मी मित्रांसमोर तिला ओळख दिली नाही."

मग मी सारे सांगितले. चार आणेही सांगितले. मुले खायची थांबली होती. मला वाटले होते, ती हसतील किंवा कंटाळतील. डॉक्टरांच्या मुलाने विचारले, "मग तुम्ही सॉरी नाही म्हणालात?" मी म्हटले, "नाही." तो म्हणाला, "मग तिला कळलंच असेल." आणि क्षणभराने, फार विचार करून, "पण तरी म्हणायला पाहिजे होतं." न्यायाधीशानेही याहून चोख निकाल दिला नसता. नातू काही बोलला नाही. तो माझ्या जवळ सरकून बसला आणि माझा हात उलटा करून तळवा पाहू लागला, जणू त्यावर काही लाल दिसते का, ते शोधत होता.

सकाळी मुले हट्टाने मला देवळाच्या वाटेवर घेऊन गेली. "नेमकी कुठे बसायची?" ते मोहाचे झाड आता नाही. मी अंदाजाने जागा दाखवली. नातवाने तिथे पुडीतले पॉपकॉर्न मूठभर ठेवले. एक गाय आली आणि तिने ते शांतपणे खाल्ले. मुले हसली, मीही हसलो. मायही हसली असती. गायीला ती नेहमीच आधी वाढत असे.

त्या दिवशी मुलांना मी आणखी एक गंमत सांगितली. आपण महाशिवरात्रीच्या उपासाला राजगिऱ्याचे लाडू खातो. राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. आणि मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घोळून वड्या करतात, त्यांना 'अलेग्रिया', म्हणजे आनंद, असे म्हणतात. पेरू देशाच्या किनाऱ्यावर उत्खननात मक्याची कणसे सापडली, त्यांवरून सुमारे 6700 वर्षांपूर्वीही तिथली माणसे मक्याच्या लाह्या खात होती, असे संशोधकांनी 2012 साली जाहीर केले. आपल्याकडे नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे. दाणा तापवावा, तो फुलावा, आणि त्याला गोडाने बांधावे, हे माणसाला जगभर सुचले आहे. मुलांना वाटत होते की कॅरॅमल पॉपकॉर्न शहरातून आमच्या गावी आले. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते की, चांगले ते सारे शहरातून येते आणि टोपलीत असते ते लपवायचे असते.

परातीच्या तळाशी काही गणंग उरले होते. मुले ते फेकायला निघाली. मी त्यांना थांबवले. माय गणंग कधी फेकत नसे. ती ते ओल्या फडक्यात बांधून चुलीपासून दूर कोपऱ्यात ठेवी. मी एकदा विचारले होते, "माय, हे काहून ठेवतेस? फुटले नाहीत ना ते!" ती म्हणाली होती, "वाळले आहेत बाबू. थोडा ओलावा लागते." ज्यांच्या सालीला चीर गेलेली असते ते पुन्हा कधी फुटत नाहीत, पण नुसते वाळलेले असतात, त्यांच्यातले काही फुटतात. सगळे नाही, काही.

मी ते दाणे धुऊन ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी, मुले निघण्यापूर्वी, लोखंडी कढई तापवून त्यात टाकले आणि वर झाकण ठेवले. सतरा दाणे होते. बराच वेळ काही झाले नाही. डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, "आजोबा, गणंगच आहेत हो." आणि झाकणाखाली 'टप्' झाले.

सतरांपैकी पाच फुटले. आम्ही चौघे होतो. पाचवी लाही कोणी खायची यावर मुलांत थोडा वाद झाला. मग नातवाने ती उचलली आणि देवापुढे, मायच्या तसबिरीजवळ ठेवली.

नागपूरला पोचल्यावर मुलाचा फोन आला. "बाबा, पोरगा काय सांगतोय हे? आजी लाह्या विकायची?" मी म्हटले, "हो. तुला सांगायचे राहून गेले होते." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुढच्या सुट्टीत येतो, तेव्हा नीट सांगा." मी होय म्हटले, आणि यंत्रावर पुन्हा ठेवलेले पंचांग उचलून खाली ठेवले.